पट कोणी पुसायचा?

“रिपोर्ट तुम्हीच पाठवलाय ना?” आपटे सर फोनवर म्हणाले. “मग तुम्हीच सांगा. जो गेम शेवटच्या चालीला बंद पडतो, तो मी पुढे कसा पाठवू?”

फोन स्पीकरवर होता. टेबलाभोवती आम्ही तिघं. मनीष भैया मालक, डिलेश रहांगडाले प्रोग्रामर आणि मी टेस्टर. डिलेश माझ्याकडे असा पाहत होता, जणू त्याच्या पोराला मीच नापास केलं आहे.

रिपोर्ट माझाच होता आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ‘जिंकण्याच्या जवळ आल्यावर गेम थांबतो. पुढे जात नाही.’ लोकांनी जे सांगितलं ते मी लिहिलं. टेस्टरचं काम तेवढंच. गेम लोकांच्या हातात द्यायचा, कुठे मोडतो ते पाहायचं आणि बनवणाऱ्याच्या तोंडावर सांगायचं. टेस्टर कोणाला आवडत नाही. मलाही कोणाला आवडायची फार हौस नव्हती.

ही गोष्ट दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराची. तेव्हा गोंदियात मोबाइल गेम बनवणारी कंपनी होती, हे सांगितलं की लोक अजून हसतात. होती बाबा. मनीष भैयाच्या घरची राइस मिल. मिलच्या ऑफिसवर एक लांबट खोली. खाली धान भरडायची मशीन सुरू झाली की वर आमचे मॉनिटर थरथरायचे. कीबोर्डमधून कोंडा निघायचा. मनीष भैया पुण्यात शिकून आला होता आणि त्याला मिलमध्ये बसायचं नव्हतं. त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना सेठजी म्हणायचो, त्यांना ती खोली बारदाना ठेवायला पाहिजे होती. बारदाना म्हणजे रिकामी पोती. ते दर दोन-चार दिवसांनी वर यायचे, काही न बोलता भिंतीपासून भिंतीपर्यंत नजर फिरवायचे आणि खाली जायचे. किती पोती मावतील याचा हिशेब चालायचा तो.

तोवर आम्ही दुसऱ्यांच्या गेमची किरकोळ कामं करत होतो. ‘नदीपार’ हा पहिला पूर्ण आमचा गेम. पुण्याची आपटे सरांची कंपनी तो विकत घेणार होती आणि एका मोबाइल कंपनीला देणार होती. हा गेला तर पुढचे गेम आम्हाला. हा पडला तर सेठजींची पोती वर चढणार. मनीष भैया खाली मिलच्या गादीवर, डिलेश त्याच्या बापाच्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, आणि मी पुण्या-हैदराबादच्या गाडीत. मला गोंदिया सोडायचं नव्हतं. आई गेल्यापासून जवळच आमगावात घरी बाबा आणि मी दोघंच होतो. त्यामुळे त्या फोनकडे मी नुसतं टेस्टर म्हणून पाहत नव्हते.

“आणि एक,” आपटे सर म्हणाले. “आमच्या इथली मुलं गेम पूर्ण खेळतात, पण शेवटी कंटाळतात. तो वेगळा विषय आहे. आधी हा बग काढा.”

तो वेगळा विषय नव्हता. पण हे कळायला आम्हाला वेळ लागला.

गेम काय होता ते सांगते. हल्लीच्या फोनवर दिसतात तसले धूमधडाक्याचे गेम नव्हते तेव्हा. बटणांचा फोन, बोटभर स्क्रीन. त्यावर सहाकोनी घरांचा पट. मधून नदी, ती पायी पार करायला दोन ठिकाणी उतार, काही घरांत जंगल, पलीकडे गढी. तुमच्याकडे भालेवाले, घोडेस्वार, धनुर्धारी. समोर कंपुटरकडे तेवढेच. एक चाल तुमची, एक त्याची. गढी घ्या किंवा त्याची फौज संपवा, म्हणजे जिंकलात.

आमच्या धंद्यात दोन शब्द फार चालतात. स्ट्रॅटेजी आणि टॅक्टिक्स. नवीन मुलं दोन्ही एकच समजतात. आमगाव ते गोंदिया रेल्वेनं जायचं की मोटरसायकलनं, हे ठरवणं म्हणजे स्ट्रॅटेजी. मोटरसायकलनं निघालात आणि रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, तर डावीकडून काढायची की थांबायचं, हे टॅक्टिक्स. ‘नदीपार’मध्ये कोणत्या उतारानं फौज न्यायची ही स्ट्रॅटेजी. घोडेस्वार जंगलात हळू चालतात, म्हणून त्यांना तिथे गाठायचं, हे टॅक्टिक्स. चांगल्या गेममध्ये दोन्ही लागतं. नुसतं पहिलं असलं तर कागदावरच खेळून घ्यावं, नुसतं दुसरं असलं तर बटणं बडवत बसावं.

हा पट मी कंपुटरवर नाही, बाबांच्या कटिंग टेबलावर बनवला होता. बाबा आमगावात टेलर. विहाराच्या मागच्या गल्लीत दुकान. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. टेबलावर खडूनं घरं आखायची आणि बटणं मांडायची. शर्टाची बटणं भालेवाले, कोटाची मोठी घोडेस्वार, हूक धनुर्धारी. आमच्या धंद्यात याला पेपर प्रोटोटाइप म्हणतात. प्रोग्राम लिहायच्या आधी गेम टेबलावर खेळून पाहायचा. टेबलावर मजा आली नाही तर स्क्रीनवर येणार नाही, हे नक्की. बटणं सरकवून मी समजून घेतलं, की एका उताराला फक्त एकच तुकडी मावली पाहिजे, नाहीतर सगळे तिथेच गर्दी करतात. दुसरा उतार लांबचा ठेवला, पण मोकळा.

दुकानात हे कोणाला नवीन नव्हतं. त्या टेबलावर दुपारी वाघ-शेळीचा पट पडायचाच. एकाकडे थोडे वाघ, दुसऱ्याकडे कळपभर शेळ्या. वाघानं उडी मारून शेळ्या खायच्या, शेळ्यांनी वाघाची वाट बंद करायची. बाबा, शेतावरून येणारे पटले काका आणि आणखी दोघं-तिघं. जेवणं झाली की मशीन थांबायची आणि खडू निघायचा. मी टेस्टिंगचे फोन यांनाच दिले होते. हौशी होते, वेळ होता आणि कोणी माझ्या तोंडावर गोड बोलणारं नव्हतं.

तर बग.

डिलेशनं कंपुटरला कंपुटरशी खेळायला लावलं. दिवसभर दोन्ही फौजा एकमेकींना मारत राहिल्या. एकदाही अडकलं नाही. मग आम्ही फोनवर संशय घेतला. स्वस्तातला हँडसेट, मेमरी कमी, शेवटी भरत असेल. डिलेशनं चित्रं बारीक केली. तरी आमगावहून तोच निरोप, की थांबला. मग बटणांवर संशय घेतला. मधलं बटण घासलं असेल. मी दुसरे फोन नेले. तरी तेच.

मी स्वतः ऑफिसात बसून खेळले. जिंकले. गेम छान संपला.

“तू जिंकतं, मंग ते लोक काऊन नाही जिंकत?” डिलेश म्हणाला.

“मले काय माहीत? तू लिहिला न गेम.”

“माह्या कंपुटरमंदी काही खोट नाही. शेवटच्या शिपायापर्यंत लढते तो. तुह्या लोकायलेच खेळता येत नसन.”

मला राग आला. बाबांना खेळता येत नाही म्हणणारा माणूस मी आमगावात पाहिला नव्हता. पण पुरावा नव्हता. मी संध्याकाळच्या गाडीनं घरी पोचायची तोवर फोन बंद झालेले असायचे. बॅटरी संपलेली, नाहीतर कोणी लाल बटण दाबलेलं. रविवारी दुकान बंद आणि फोन माझ्याकडे चार्जिंगला. अडकलेला गेम मी डोळ्यांनी एकदाही पाहिला नव्हता. बाबांना विचारलं, की नक्की काय होतं? ते म्हणाले, बसून राहते तो, काही करत नाही. मी तेच रिपोर्टात लिहिलं.

आपटे सरांचा पुन्हा फोन आला. ते स्वतः येतो म्हणाले. त्यांना अडकलेला गेम बघायचा होता आणि, हे ते बोलले नाहीत पण आम्हाला कळलं, आम्हाला पुढे ठेवायचं की नाही तेही ठरवायचं होतं. त्यांनी विचारलं, तिकडे विमान उतरतं ना? मनीष भैया म्हणाला, “सर, बिरसीला उतरतं. पण पायलट शिकणाऱ्या पोरांचं. तुम्ही रेल्वेनंच या.”

आले. उंच, शांत माणूस, इस्त्रीचा शर्ट. पुण्याहून रात्रभराचा आणि वर आणखी अर्ध्या दिवसाचा प्रवास करून आल्यावरही इस्त्री मोडली नव्हती. खोली बघितली. कोंडा बघितला. तेवढ्यात सेठजी वर आले, नमस्कार करून नेहमीसारखी भिंत ते भिंत नजर फिरवली आणि गेले. मनीष भैया माझ्या कानाशी पुटपुटला, “आज तो मत आते, पापाजी.”

दुपारी बाबांचा फोन आला. “काऊन व माय, तुझा गेम थांबला पाहाय. पाह्याचा असन त ये.”

मी त्यांना बजावलं, की फोनला हात लावू नका, चार्जर लावा आणि लाल बटण कोणाला दाबू देऊ नका. आपटे सर म्हणाले, चला. डिलेश मुद्दाम आला नाही. मी आणि सर पॅसेंजरनं आमगावला निघालो. सर खिडकीतून धानाच्या बांध्या बघत होते. मी मनात त्यांच्यासमोर काय बोलायचं ते जुळवत होते आणि काही जुळत नव्हतं.

दुकानात शिरलो तर फोन कटिंग टेबलावर मधोमध ठेवलेला. चार्जरची वायर मशीनवरून लोंबत होती. बाबा एका पॅन्टची मोहरी दुमडत होते. पटले काका बाकड्यावर बसून त्या फोनकडे पाहत होते, पाहुण्याची वाट पाहावी तसे.

“या जी, बसा,” बाबा म्हणाले.

आपटे सर बसले नाहीत. त्यांनी फोन उचलला. मी खांद्यावरून पाहिलं. पट स्पष्ट दिसत होता. बाबांची फौज जवळजवळ पूर्ण. एक भालेवाला त्यांनी मागे उताराशी राखून ठेवला होता. त्यांची सवयच ती. कापड कापताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं सोडतात, पुढे सैल करायला. त्याला माया म्हणतात. बाबा गेममध्येही माया सोडायचे. समोर कंपुटरचा एकच धनुर्धारी उरला होता. कोपऱ्यात, तिन्ही बाजूंनी घेरलेला. चाल बाबांची होती.

सरांनी मधलं बटण दाबलं. भालेवाला पुढे सरकला. धनुर्धारी पडला. स्क्रीनवर झेंडा फडकला आणि बारीकसा बिगुल वाजला.

गेम कुठेच अडकला नव्हता.

आपटे सरांनी आधी फोनकडे, मग माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या कंपनीची झोप उडवणारा रिपोर्ट मी पाठवला होता, आणि एका बटणात तो खोटा निघाला.

“मास्तर,” सर म्हणाले, “तुम्ही फक्त हे बटण दाबायचं होतं. जिंकला असता.”

“जिंकलोच न जी मी,” बाबा म्हणाले. “सकाळीच जिंकलो.”

“मग थांबलात कशासाठी?”

“त्याच्यासाठी.” बाबांनी सुईनं फोनकडे दाखवलं. “त्यानं पट पुसाले पायजे न. मी कसा पुसू?”

आपटे सरांना काही समजलं नाही. मला मात्र त्या क्षणी सगळं समजलं. या दुकानात मी लहानाची मोठी झाले. तिथली ही रीत मला कात्रीइतकी ओळखीची होती, म्हणूनच ती कधी डोळ्यांत भरली नव्हती. बाबांच्या टेबलावर जिंकणारा कधीच शेवटची चाल करायचा नाही. जिंकलो म्हणूनही सांगायचा नाही. पट त्याच्या बाजूनं झाला की तो हात मागे घ्यायचा आणि थांबायचा. हारणारा पाहायचा, विचार करायचा, कधी कधी बराच वेळ. मग स्वतःच्या तळहातानं खडूचा पट पुसायचा. संपला डाव. जिंकणाऱ्यानं पटाला हात लावणं म्हणजे समोरच्याचा अपमान. पट पुसला की जिंकणारा चहा सांगायचा आणि पहिला कप हारलेल्याला.

हे लोक फोनशीही तसंच खेळत होते. जिंकायच्या आधी थांबत होते आणि कंपुटरची वाट पाहत होते. कंपुटरला कुठे हात होता? तो बिचारा त्यांच्या चालीची वाट पाहत बसायचा, आणि हे त्याच्या मोठेपणाची. दोघं असे समोरासमोर बसले की बॅटरी संपेपर्यंत.

मी सरांना हे समजावून सांगायला लागले. त्यांना पटत नव्हतं. तेव्हा पटले काका म्हणाले, साहेबांना एक डाव बसवा. बाबांनी पॅन्ट बाजूला ठेवली, खडूनं पट आखला आणि डबी उघडून बटणं मांडली. सरांना वाघ दिले, स्वतः शेळ्या घेतल्या.

आपटे सर चांगले खेळत होते. धंदाच तो त्यांचा. सुरुवातीला त्यांनी बऱ्याच शेळ्या खाल्ल्या आणि मला वाटलं, आज बाबा जातात. पण बाबा घाईनं एकही शेळी पुढे टाकत नव्हते. कडेकडेनं भिंत बांधत होते. हळूहळू वाघांची जागा कमी होत गेली. शेवटी एकच वाट उरली, आणि ती बंद करायला बाबांना एक बटण सरकवायचं होतं.

बाबांनी ते सरकवलं नाही. त्यांनी हात मागे घेतला आणि सुईत दोरा ओवायला लागले.

“तुमची चाल आहे, मास्तर,” सर म्हणाले.

“हाव जी. माहीत आहे.”

सर पटाकडे पाहत राहिले. पटले काका रस्त्याकडे पाहायला लागले. हेही रीतीतलंच होतं, हारणाऱ्याकडे टक लावून पाहत नाहीत. मग आपटे सरांनी तळहातानं पट पुसला. इस्त्रीच्या कफला पांढरा खडू लागला.

बाबांनी समोरच्या टपरीवर चहा सांगितला. पहिला कप सरांपुढे ठेवला. सरांनी विचारलं, की शेवटची चाल केली असती तर काय बिघडलं असतं?

“माराले काय लागते जी?” बाबा म्हणाले. “पण त्यानं स्वतः मानलं, त उद्या पुन्हा येते खेळाले. मारून टाकला त कायले येईन?”

आपटे सरांनी चहा अर्धा पिऊन ठेवला. मग मला म्हणाले, “मित्रा, आमच्या ऑफिसातली मुलं शेवटी का कंटाळतात, ते आत्ता कळलं. जिंकल्याचं त्यांना दहा चाली आधीच कळलेलं असतं. पुढचं सगळं नुसतं शोधून शोधून मारणं. त्यात खेळ नसतो. तुमचे लोक थांबतात, आमचे कंटाळतात. बग एकच आहे. तुमच्या कंपुटरला हारता येत नाही.”

मी त्यांना अहो-जाहो करत होते, ते मला एकदम ‘मित्रा’ म्हणाले. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त धीर आला तो त्या एका हाकेनं.

आता डिलेशला सांगायचं होतं. ते सगळ्यात अवघड निघालं. शेवटच्या शिपायापर्यंत लढणारा कंपुटर त्यानं कितीतरी महिने घासून घासून बनवला होता.

“हारणं शिकवू त्याले?” तो म्हणाला. “भेकड बनवू?”

मनीष भैया वेगळ्याच काळजीत. “अरे यार, क्लाइंट को क्या बोलूँ? हमारा कंप्यूटर हार मान लेता है?”

“क्लायंट मीच आहे,” आपटे सर कोपऱ्यातून म्हणाले. “मला चालेल.”

सरांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं. डिलेश दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण काम करत होता. पहिला प्रयत्न फसला. घोडेस्वार गेले की कंपुटर लगेच पट पुसायचा. पटले काकांनी फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हा त भेकडच निघाला. मी हे शब्द डिलेशला जसेच्या तसे सांगितले. टेस्टरचं काम तेच. दुसऱ्या प्रयत्नात कंपुटर इतका उशिरा मानायचा, की मानून काही उपयोग नाही.

मग डिलेशनंच मार्ग काढला. सैनिक मोजणं त्यानं सोडून दिलं. प्रत्येक चालीआधी कंपुटरनं स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. माझा कोणी अजून गढीपर्यंत पोचू शकतो का? समोरच्या कोणाला मी अजून पाडू शकतो का? दोन्हींचं उत्तर नाही आलं तरच पट पुसायचा. एकाचंही हो असलं तर लढायचं. म्हणजे एकच घोडेस्वार उरलेला असला, पण त्याला लांबचा उतार मोकळा असला, तर कंपुटर मानणार नाही.

यातून एक गोष्ट झाली जी आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात नव्हती. पटले काका खेळत होते आणि जिंकत आले होते. सवयीनं त्यांनी हात मागे घेतला. कंपुटरनं पट पुसला नाही. काका थांबले. मग डोळे बारीक करून फोन जवळ घेतला.

“पुसून नाही राहिला,” ते म्हणाले. “म्हणजे याच्या पोटात काहीतरी आहे.”

होतं. जंगलाआड एक घोडेस्वार होता, त्यांच्या नजरेतून सुटलेला. काकांनी आपला धनुर्धारी मागे आणला आणि उतार अडवला. त्याच्या पुढच्या चालीला कंपुटरनं पट पुसला. काका खूश. आधी शेवटी झोप यायची, आता शेवटीच खरी मजा. कंपुटरचं गप्प राहणंसुद्धा आता चाल झालं होतं. हे मी डिलेशला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

पट पुसायचा कसा, यावर थोडी खडाखडी झाली. सरांना स्क्रीनवर इंग्रजीत ‘यू विन’ पाहिजे होतं. मी अडून बसले, की एक अक्षर नको. नुसता तळहात यावा आणि पटावरून फिरावा. मराठी, हिंदी, तेलुगू, कोणालाही कळेल. सर कफवरचा खडू आठवून की काय, हो म्हणाले. डिलेशनं हात काढला. स्क्रीन एवढीशी, तरी त्यानं नखंसुद्धा काढली.

गेम पुण्याला गेला, तिथून मोबाइल कंपनीकडे. आम्ही वाट पाहत राहिलो. या दिवसांत सेठजी एकदा वर आले, तेव्हा मनीष भैयानं त्यांच्या हातात फोन दिला आणि खुर्चीवर बसवलं. सेठजी खेळले. पहिल्यांदा हारले, दुसऱ्यांदा हारले. तिसऱ्यांदा स्क्रीनवर तो हात आला आणि पट पुसून गेला. सेठजींनी चष्मा वर केला, “मान गया?” एवढंच विचारलं आणि आणखी एक डाव टाकला. त्या दिवशी भिंती पाहायला विसरले.

आपटे सरांचा फोन आला. स्पीकरवर घेतला. गेम पास. पुण्याच्या पोरांनी शेवटाला सगळ्यात जास्त मार्क दिले होते. पुढचे दोन गेम आमचे. मनीष भैया खुर्चीवरून उठला, परत बसला, परत उठला. बारदान्यासाठी सेठजींनी मागच्या अंगणात शेड टाकली. ती खोली पुढे बरीच वर्षं आमची राहिली, आणि मला गाव सोडावं लागलं नाही. बाबांच्या शेवटच्या वर्षांत मी रोज संध्याकाळी घरी होते. हे मला कोणी दिलं, याचा विचार करते तेव्हा बरीच नावं येतात. थांबणारे बाबा. भेकड म्हणणारे पटले काका. कफ खराब करून घेणारे आपटे सर. आणि रुसून का होईना, काम न सोडणारा डिलेश. या सगळ्यांची मी ऋणी आहे आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

गेम फोनवर आला त्या आठवड्यात मी डिलेशला ओढून दुकानात नेलं. अजून त्याच्या मनात थोडी अढी होती. बाबा नव्या फोनवर ‘नदीपार’ खेळत होते. कंपुटर चिवट लढला. पहिला उतार त्यानं बाबांना घेऊच दिला नाही. बाबांनी लांबचा धरला, राखून ठेवलेला भालेवाला काढला आणि घेरलं. मग हात मागे घेतला. फोन टेबलावर ठेवला. आम्ही सगळे त्या फोनकडे न पाहता रस्त्याकडे पाहायला लागलो.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तळहात आला. पट पुसला गेला.

बाबांनी टपरीकडे हात करून चहा सांगितला. पहिला कप आला. तो हातात धरून ते फोनकडे पाहत राहिले. आता हारलेल्याला चहा द्यायचा तर कसा, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी वळून तो कप डिलेशपुढे धरला.

“घे बाबू,” ते म्हणाले. “तुझा पोरगा हारला. पण मानानं हारला.”

डिलेशनं दोन्ही हातांनी कप घेतला.

आज माझ्या हाताखाली नवीन मुलं गेम बनवतात. सुरुवात कशी करायची, हे त्यांना फार छान सुचतं. मी कागद घेते आणि विचारते, हारणारा पटावरून उठणार कसा ते आधी लिहा.